शाळेची हद्द बदलण्याआधी निघणारी सूचना : कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या पालकांसाठी

पुण्याहून किंवा नाशिकहून कॅलिफोर्नियात आलेले कुटुंब घर शोधू लागते, तेव्हा घरात मुले असतील तर भाड्याच्याही आधी शाळेची चौकशी होते. कोणत्या पत्त्यावर कोणती शाळा मिळते हे पाहून घर ठरते आणि त्यासाठी जास्तीचे भाडे मोजण्याची तयारी असते. घर लागले की तो पत्ता आणि ती शाळा यांची गाठ कायमची बसली, असे आपण गृहीत धरतो. ही गाठ मात्र स्थानिक स्कूल बोर्डाच्या ठरावाने बसलेली असते आणि दुसऱ्या ठरावाने ती सुटू शकते.

आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला हे कळले तेव्हा धाकट्या मुलीच्या नावनोंदणीचे दिवस आले होते. थोरला मुलगा ज्या शाळेत शिकला, ती शाळा त्यांच्या रस्त्यासाठी आता राहिली नव्हती. निर्णय काही महिन्यांपूर्वीच झाला होता आणि त्याआधीच्या अनेक बैठकांच्या विषयपत्रिकांत हा विषय छापलेला होता. सूचना निघालेली होती, पण ती कुठे निघते हे त्या माउलीला कोणी सांगितले नव्हते. इथे कायद्याच्या दृष्टीने सूचना ठरलेल्या जागी लावली की ती दिली गेली असे मानले जाते, आणि ती वाचण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती जागा कोणती, किती तास किंवा किती दिवस आधी पाहायचे आणि पाहिल्यावर काय करायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : कोणती हद्द बदलते आहे ते ओळखा

‘बाउंडरी बदलणार’ ही बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप गटात येते, तेव्हा तिचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात.

एक हद्द असते स्कूल डिस्ट्रिक्टची. डिस्ट्रिक्ट हे स्वतंत्र शासकीय एकक आहे. त्याचे स्वतःचे निवडून आलेले बोर्ड असते, मालमत्ता कराशी जोडलेले उत्पन्न असते आणि मतदारांनी मंजूर केलेले रोखे असतात. अमेरिकेत अशी डिस्ट्रिक्ट १३ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या सीमा शहरांच्या सीमांशी जुळतीलच असे नाही. ही हद्द बदलणे म्हणजे जमिनीचा तुकडा एका शासकीय एककातून काढून दुसऱ्यात घालणे होय. असे क्वचित घडते, त्याला वेळ लागतो आणि त्याची कार्यपद्धती राज्याच्या शिक्षण संहितेत कलमवार दिलेली आहे.

दुसरी हद्द असते एकाच डिस्ट्रिक्टमधील शाळाशाळांमधली. अमुक रस्त्याच्या अलीकडची मुले या प्राथमिक शाळेत आणि पलीकडची त्या शाळेत, अशी विभागणी डिस्ट्रिक्टचे बोर्ड स्वतःच करते. या लेखात तिला मी प्रवेशक्षेत्र म्हणेन. नवी वसाहत उभी राहिली, एखाद्या शाळेत वर्ग अपुरे पडू लागले किंवा पटसंख्या घटून शाळा बंद करावी लागली, की प्रवेशक्षेत्रे पुन्हा आखली जातात. क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टने २०२१ मध्ये घटत्या पटसंख्येमुळे दोन प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय झाला की त्या शाळांच्या परिसरातील घरांना नवी शाळा नेमून द्यावीच लागते.

दोन्ही बदलांच्या सूचना वेगळ्या ठिकाणी निघतात आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात. प्रवेशक्षेत्राचा बदल एका बैठकीतल्या मतदानाने पक्का होऊ शकतो, तर डिस्ट्रिक्टच्या हद्दीचा बदल काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, समितीपुढे जातो. आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यात एकदा तरी गाठ पडेल ती प्रवेशक्षेत्राच्या बदलाशी.

दुसरी पायरी : आपण नेमके कोणाच्या अखत्यारीत राहतो ते तपासा

हे काम सोपे वाटते, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात ते तसे नाही. सनीव्हेल शहरातील घरे वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेली आहेत, आणि पत्त्यात ‘सॅन होजे’ लिहिलेली पश्चिमेकडची अनेक घरे क्युपर्टिनो युनियनच्या हद्दीत येतात. त्यात फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट हे फ्रीमाँट शहरात नाहीच. ते सनीव्हेल-क्युपर्टिनो भागात आहे, आणि फ्रीमाँट शहरातील डिस्ट्रिक्टचे नाव फ्रीमाँट युनिफाइड आहे. नव्याने आलेल्या पालकांनी या नावामुळे चुकीच्या बोर्डाच्या विषयपत्रिका आठवडेच्या आठवडे वाचत बसणे अगदी शक्य आहे.

म्हणून आधी डिस्ट्रिक्टचा प्रकार समजून घ्यावा. ‘युनिफाइड’ म्हणजे बालवाडीपासून बारावीपर्यंत एकच डिस्ट्रिक्ट. काही भागांत मात्र प्राथमिक-माध्यमिक शाळांचे एक डिस्ट्रिक्ट आणि हायस्कूलचे दुसरे असते, म्हणजे एकाच घरावर दोन बोर्डांचा अधिकार चालतो आणि दोघांच्याही बैठकांवर लक्ष ठेवावे लागते. बहुतेक डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा पाहण्याची सोय असते, तिचाच आधार घ्यावा. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर दिसणारी शाळांची नावे जुनी असू शकतात आणि ती कोणालाही बंधनकारक नसतात. शंका उरली तर डिस्ट्रिक्टच्या नावनोंदणी कार्यालयाला पत्ता देऊन ईमेलने विचारावे, म्हणजे उत्तर लेखी हाती राहते.

तिसरी पायरी : विषयपत्रिका कधी लागते ते तासांत मोजा

कॅलिफोर्नियात प्रवेशक्षेत्राच्या बदलाची कायदेशीर सूचना म्हणजे मुख्यतः बोर्डाच्या बैठकीची विषयपत्रिका, म्हणजेच अजेंडा. तिची मुदत ब्राउन कायद्याने ठरवली आहे. मॉडेस्टोचे विधानसभा सदस्य राल्फ ब्राउन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९५३ मध्ये झाला. स्थानिक संस्थांनी लोकांचे काम लोकांसमोर करावे, हे त्याचे सूत्र आहे, आणि स्कूल बोर्डे त्याच्या कक्षेत येतात.

नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी, लोकांना सहज पोहोचता येईल अशा जागी आणि संस्थेच्या संकेतस्थळावर लावावी लागते. प्रत्येक विषयाचे थोडक्यात वर्णन असावे लागते. कायदा म्हणतो की साधारणपणे त्यासाठी २० शब्दांपेक्षा जास्त लागू नयेत, म्हणजे विस्ताराची अपेक्षा ठेवू नये. खास बोलावलेल्या बैठकीसाठी ही मुदत अवघी २४ तास आहे.

७२ तासांत शनिवार-रविवारही धरले जातात, आणि नव्या माणसाची गफलत इथेच होते. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बैठक असेल, तर शनिवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत विषयपत्रिका लागली म्हणजे कायद्याची पूर्तता झाली. सोमवारी कामाच्या गडबडीत पाहू म्हटले, तर हातात एक दिवस उरतो. डिस्ट्रिक्टच्या बैठकांचे वर्षभराचे वेळापत्रक आधीच जाहीर झालेले असते. ते फोनच्या दिनदर्शिकेत उतरवून घ्यावे आणि प्रत्येक बैठकीच्या चार दिवस आधी रात्री आणि तीन दिवस आधी रात्री (मंगळवारच्या बैठकीसाठी शुक्रवारी आणि शनिवारी) अशी दोनदा विषयपत्रिका उघडून पाहावी. खास बैठका या वेळापत्रकात नसतात, त्यामुळे बदलाची चर्चा सुरू असलेल्या महिन्यांत ही नजर रोज टाकावी लागते.

याहून चांगला आणि फार कमी लोकांना माहीत असलेला मार्ग म्हणजे लेखी विनंती. आपण लेखी मागणी केली, तर विषयपत्रिकेची प्रत आपल्याला पाठवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ही मागणी त्या कॅलेंडर वर्षापुरती चालते आणि नव्या वर्षात पुन्हा करावी लागते, हे लक्षात ठेवावे. अनेक डिस्ट्रिक्ट ईमेलने प्रती पाठवतात आणि त्यासाठी बोर्डाच्या सचिवांच्या नावे दोन ओळींचा ईमेल पुरतो.

आपल्या भाषेत सूचना येईल का, असे आजी-आजोबा घरी असलेली कुटुंबे विचारतात. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेनुसार एखाद्या शाळेतील १५ टक्के किंवा अधिक मुलांची इंग्रजीखेरीज एकच घरभाषा असेल, तर पालकांना पाठवायच्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात. एका शाळेत मराठीचे प्रमाण तिथवर जाणे दुर्मीळच, म्हणून सूचना इंग्रजीत येईल असे धरून चालावे.

चौथी पायरी : विषयपत्रिकेत काय शोधायचे

विषयाच्या ओळीत ‘बाउंडरी’ हा शब्द असेलच असे नाही. ‘पटसंख्येचा अंदाज’, ‘सुविधांचा बृहत् आराखडा’, ‘शाळांची क्षमता’, ‘शाळांचे एकत्रीकरण’, ‘लोकसंख्या अभ्यासकाचा अहवाल’ अशा अर्थाच्या शब्दांवर थांबावे. प्रवेशक्षेत्राचा बदल एका रात्रीत येत नाही. आधी लोकसंख्या अभ्यासकाचा अहवाल येतो, मग बहुतेक ठिकाणी पालक आणि शिक्षकांची समिती नेमली जाते, नकाशांचे दोन-तीन पर्याय तयार होतात, शाळांमध्ये माहितीसभा होतात, बोर्डाची अभ्यासबैठक होते, एका बैठकीत प्रस्ताव माहितीसाठी मांडला जातो आणि पुढच्या एखाद्या बैठकीत मतदान होते. हे टप्पे प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या धोरणानुसार कमी-जास्त असतात. पण माझा अनुभव असा, की नकाशावरील रेषा मतदानाच्या रात्री फार क्वचित हलते. ती हलते समितीच्या आणि अभ्यासबैठकीच्या टप्प्यावर, जिथे सभागृहात मोजकेच पालक असतात. ज्याला काही म्हणायचे आहे त्याने त्या टप्प्यावर हजर असावे. बोर्डाने नेमलेल्या अशा समित्यांना सहसा ब्राउन कायदा लागू होतो, म्हणून त्यांच्याही विषयपत्रिका शोधाव्यात.

विषयापुढे तो ‘माहितीसाठी’ आहे, ‘चर्चेसाठी’ आहे की ‘निर्णयासाठी’ आहे हे लिहिलेले असते. निर्णयासाठी असलेला विषय त्याच रात्री संपू शकतो. ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा भागही नजरेखालून घालावा, कारण त्यातील सगळे विषय एकाच मताने, चर्चेविना मंजूर होतात. अभ्यासकाचा करार किंवा समितीची नेमणूक यांसारख्या पहिल्या खुणा अनेकदा तिथेच सापडतात.

विषयाला जोडलेली कागदपत्रे हीच खरी सूचना असते. नकाशे, आकडेवारी आणि ठरावाचा मसुदा त्यात असतो. विषयपत्रिका लागल्यानंतर सदस्यांना वाटलेले कागदही लोकांना पाहायला मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. ठरावाच्या मसुद्यात तीन गोष्टी शोधाव्यात : बदल कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू होणार, आज त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना तिथेच शिक्षण पूर्ण करता येईल का, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचे काय. शेवटच्या दोन गोष्टी राज्याच्या कायद्याने नव्हे, तर बोर्डाच्या ठरावाने ठरतात, म्हणून त्या मागितल्या तर मिळण्याची शक्यता असते.

पाचवी पायरी : बैठकीत बोला, आणि लिहूनही द्या

महाराष्ट्रात प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरलेल्या तारखेपर्यंत हरकती व सूचना मागवल्या जातात आणि मग सुनावणी होते. ही पद्धत आपल्या ओळखीची असते. इथे प्रवेशक्षेत्रासाठी असा हरकतींचा स्वतंत्र कालावधी राज्याच्या कायद्याने ठेवलेला नाही. बैठकीत विषय येईल तेव्हा, तो विचारात घेण्याआधी किंवा घेताना, बोलू देणे हीच हरकतीची कायदेशीर संधी आहे. काही डिस्ट्रिक्ट सर्वेक्षण करतात, खास ईमेल पत्ता देतात. ते चांगलेच, पण त्यावर विसंबून बैठक चुकवू नये.

बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एच-१बी व्हिसावर आलेला पालक, त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार, भेटीला आलेली आजी, कोणीही बोलू शकते. बैठकीला बसण्याची अट म्हणून नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही; हजेरीचा कागद फिरवला, तर तो ऐच्छिक असल्याचे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे लागते. कामकाजात अडथळा न आणता ध्वनिमुद्रण करण्याचाही हक्क आहे. बोलण्याची वेळ सहसा दोन-तीन मिनिटांची असते. इथे आपल्यासाठी एक मोलाची तरतूद आहे. वक्त्याला दुभाष्याची गरज असेल, तर बोर्डाने त्याला ठरलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ दिला पाहिजे. इंग्रजीत अडखळणाऱ्या आईने आपले म्हणणे मराठीत मांडावे आणि कोणी तरी त्याचा अनुवाद करावा, यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. कायद्यानेच ती वाट मोकळी ठेवली आहे.

बोलताना घराच्या किमतीचा विषय काढू नये, असे मी कळकळीने सांगतो. बोर्डासमोर तो टिकत नाही आणि बाकीच्या पालकांची मने मात्र दुखावतात. त्याऐवजी मुलाला ओलांडावा लागणारा रस्ता, त्यावर सिग्नल आहे की नाही, नव्या शाळेतील वर्गांची क्षमता, एकाच गल्लीतील मुलांची होणारी ताटातूट अशा तपासता येणाऱ्या गोष्टी मांडाव्यात. आणि ज्या मुलांना आपल्या शाळेतून उठवून दुसरीकडे पाठवण्याचा पर्याय आपण सुचवतो आहोत, त्यांच्या घरीही हाच कागद उघडलेला असतो, याचे भान ठेवावे. २००० साली फ्रीमाँट युनिफाइडने वाइबल प्राथमिक शाळेच्या परिसरातील मुलांना मिशन सॅन होजे हायस्कूलऐवजी अर्विंग्टन हायस्कूलकडे वळवले, तेव्हा तो वाद न्यायालयापर्यंत आणि वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या मागणीपर्यंत गेला. वेगळे डिस्ट्रिक्ट झाले नाही, आणि दोन्ही शाळांची मुले एकाच गावात राहत होती.

विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर आपण बोललो, तर बोर्डाचे सदस्य गप्प बसतात. नवीन माणसाला हा उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर चर्चा किंवा निर्णय करण्यास त्यांना कायद्याने मनाई आहे. थोडक्यात उत्तर देणे किंवा तो विषय पुढच्या बैठकीत घेण्यास सांगणे एवढेच त्यांना करता येते. आपला विषय विषयपत्रिकेवर यावा अशी मागणी नागरिकांना करता येते आणि त्याची पद्धत डिस्ट्रिक्टच्या धोरणात लिहिलेली असते.

तोंडी बोललेल्याच आशयाचे एक पानी पत्र बैठकीआधी सर्व सदस्यांना ईमेल करावे. एखादा अहवाल किंवा नकाशा संकेतस्थळावर नसेल, तर सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली तो मागता येतो. मागणी आल्यापासून १० दिवसांत ती नोंद देता येईल की नाही हे कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे.

सहावी पायरी : डिस्ट्रिक्टचीच हद्द बदलत असेल तर

आता डिस्ट्रिक्टच्या हद्दीचा प्रकार. घरांचा एखादा गट एका डिस्ट्रिक्टमधून शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये नेण्याची मागणी होते, तेव्हा सुरुवात अर्जाने होते. वस्ती असलेल्या भागासाठी तिथे राहणाऱ्या नोंदणीकृत मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात. संबंधित सर्व डिस्ट्रिक्टच्या बोर्डांतील बहुमतानेही अर्ज करता येतो, आणि १२ पेक्षा कमी नोंदणीकृत मतदार असलेल्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत वस्ती नसलेल्या भागासाठी जमिनीच्या मालकाला तो करता येतो.

या ठिकाणी एक सावधगिरी अगदी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. दारावर कोणी सह्यांचा कागद घेऊन आले आणि आपण अमेरिकेचे नागरिक नसाल, तर त्यावर सही करू नये आणि ‘आधी मतदार म्हणून नोंदणी करा’ असे कोणी सांगितले तरी ती मुळीच करू नये. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंदणी करणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्याचे परिणाम व्हिसावर व ग्रीन कार्डवर होतात. ग्रीन कार्डधारकालाही हेच लागू आहे. आपले म्हणणे सुनावणीत मांडता येते, त्यासाठी मतदार असण्याची गरज नाही.

अर्ज काउंटीच्या शाळा सुपरिंटेंडंटकडे जातो आणि सह्या पुरेशा आहेत का हे ३० दिवसांत तपासले जाते. त्यानंतर तो शालेय डिस्ट्रिक्टच्या रचनेसाठी असलेल्या काउंटी समितीकडे येतो. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत समितीने संबंधित प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये जाहीर सुनावणी घ्यावी लागते. सुनावणीची सूचना किमान १० दिवस आधी द्यावी लागते, आणि ती कोणाला द्यायची याची यादी नीट वाचण्यासारखी आहे : अर्जातील जास्तीत जास्त तीन मुख्य अर्जदार, संबंधित डिस्ट्रिक्टची बोर्डे आणि सूचना मागितलेल्या इतर सर्व व्यक्ती. ज्यांच्या घराची हद्द बदलणार त्या प्रत्येक रहिवाशाचा या यादीत उल्लेख नाही. पण ज्याने मागितली त्याला ती मिळालीच पाहिजे. म्हणून अर्जाची कुणकुण लागताच काउंटीच्या शिक्षण कार्यालयाला ‘या अर्जावरील प्रत्येक सुनावणीची सूचना मला पाठवावी’ असे नाव, पत्ता आणि ईमेलसह लेखी कळवावे. या एका ईमेलमुळे १० दिवसांची मुदत आपल्यापुरती खरी होते.

सुनावणीच्या किमान १० दिवस आधी अर्जाचे वर्णन लोकांना उपलब्ध करून द्यावे लागते. कर्मचाऱ्यांच्या नोकरीवरील हक्कांसारख्या बाबी त्यात असतात. रोख्यांकडे घरमालकांनी विशेष लक्ष द्यावे. हलवल्या जाणाऱ्या भागात सार्वजनिक शाळेची मालमत्ता नसेल, तर सर्वसाधारण नियम असा आहे की तो भाग जुन्या डिस्ट्रिक्टच्या अजून फेडायच्या असलेल्या रोख्यांच्या बोज्यातून सुटतो आणि नव्या डिस्ट्रिक्टच्या रोख्यांतील आपला वाटा उचलतो. म्हणजे मालमत्ता कराच्या बिलातील ओळी बदलतात.

पहिली सुनावणी सुरू झाल्यापासून १२० दिवसांत समितीला अर्जावर निर्णय किंवा शिफारस करावी लागते. ती करताना समितीने कायद्यातील निकष पाहायचे असतात. दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये पुरेशी पटसंख्या राहील का, लोकवस्तीची स्वाभाविक एकजूट टिकेल का, मालमत्तेची वाटणी न्याय्य होईल का, वांशिक विभाजन वाढेल का, शैक्षणिक कार्यक्रमाला धक्का बसेल का, आणि बदलाचा मुख्य हेतू घरांच्या किमती वाढवणे हा तर नाही ना. शेवटचा निकष संहितेतच आहे, म्हणून किमतीचा मुद्दा न काढण्याचा वरचा सल्ला इथे अधिकच लागू होतो. सर्व डिस्ट्रिक्टची संमती असलेल्या छोट्या भागाचा बदल समिती स्वतः मंजूर करू शकते. इतर प्रकरणी मतदान घेतले जाते. समितीच्या निर्णयाविरुद्ध राज्य शिक्षण मंडळाकडे अपील करता येते, पण तो अधिकार मुख्य अर्जदारांना आणि संबंधित डिस्ट्रिक्टना आहे, प्रत्येक रहिवाशाला नाही. त्यामुळे सुनावणी चुकली तर पुढच्या पायरीवर बोलायला जागा उरेलच, अशा भरवशावर राहू नये.

सगळे पूर्ण झाल्यावरही हद्द लगेच बदलत नाही. ज्या कॅलेंडर वर्षात कार्यवाही पूर्ण होते, त्याच्या पुढच्या वर्षीच्या १ जुलैपासून ती साधारणपणे अमलात येते.

सातवी पायरी : सूचनाच नीट निघाली नसेल तर

विषयपत्रिका वेळेत लागली नाही, किंवा तिच्यात प्रवेशक्षेत्राचा उल्लेख नसताना त्यावर मतदान झाले, अशी शंका आली तर आधी पुरावा गोळा करावा. विषयपत्रिकेची तारीख-वेळेसह प्रत, बैठकीचे ध्वनिमुद्रण आणि इतिवृत्त जपून ठेवावे. नंतर बोर्डाला लेखी मागणी पाठवावी, की नियमभंग अमुक आहे आणि तो निर्णय दुरुस्त करावा. उघड बैठकीत घेतलेला निर्णय विषयपत्रिकेच्या नियमांचा भंग करून झाला असेल, तर ही मागणी निर्णयापासून ३० दिवसांत करावी लागते. इतर बहुतेक भंगांसाठी ९० दिवस मिळतात. मागणी मिळाल्यावर बोर्डाला दुरुस्तीसाठी ३० दिवस असतात, आणि त्यानंतर न्यायालयात जायचे तर अवघे १५ दिवस मिळतात. या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्यावा. त्यातही प्रत्यक्षात नियमांचे पुरेसे पालन झाले असेल तर न्यायालय निर्णय रद्द करत नाही, आणि बोर्ड तोच ठराव योग्य सूचना देऊन पुन्हा मंजूर करू शकते. मागणी तरीही करावी, कारण दुसऱ्या वेळी सभागृह भरलेले असते.

सूचना नीट निघाली होती आणि निर्णय आपल्याविरुद्ध गेला, तर डिस्ट्रिक्टमधल्याच दुसऱ्या शाळेसाठी खुल्या प्रवेशाचा अर्ज करता येतो. त्या शाळेच्या प्रवेशक्षेत्रातील मुलांना विस्थापित न करता उरलेल्या जागाच दिल्या जातात आणि अर्ज जास्त आले तर निःपक्षपाती पद्धतीने, बहुधा सोडतीने, निवड होते. आपल्याकडील आरटीई प्रवेशाची सोडत अनुभवलेल्या पालकांना तिचा ताण वेगळा सांगायला नको. अर्जाची खिडकी बहुधा हिवाळ्यात काही आठवडेच उघडी असते आणि तिची तारीखही त्याच संकेतस्थळावर लागते.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी

वरील मुदती कॅलिफोर्नियाच्या आहेत आणि दुसऱ्या राज्यात त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत. न्यू जर्सीत, जिथे एडिसन परिसरात मोठी मराठी वस्ती आहे, १९७५ च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार बैठकीची पुरेशी सूचना म्हणजे किमान ४८ तास आधीची लेखी सूचना. व्हर्जिनियात १५ हजार किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शालेय विभागांत प्रवेशक्षेत्रे बदलण्याआधी वृत्तपत्रात सूचना देऊन जाहीर सुनावणी घ्यावी लागते, म्हणून तिथे बोर्डाच्या संकेतस्थळाबरोबर स्थानिक वृत्तपत्राच्या जाहीर सूचनांचे पान पाहणे आले. आपल्या राज्यासाठी खुल्या बैठकांचा कायदा आणि शिक्षण संहिता या दोन्हींची चालू आवृत्ती राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहावी आणि मुदत तासांची आहे की दिवसांची, सूचना वृत्तपत्रात निघते की फक्त फलकावर, आणि ती मागणाऱ्याला घरपोच मिळते का, हे तीन प्रश्न काउंटीच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला लेखी विचारावेत.